फिश टँकमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन : कधी घालायचा, कुठे बसवायचा, कधी काढायचा

"कार्बन टाकला तरी मासे मरूनच राहिले. दुकानदाराने खराब माल दिला का?" गावाकडच्या मासे पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कार्बन म्हणजे पाण्यातला रंग, वास आणि काही रसायने ओढून घेणारे काळे दाणे. बहुतेक वेळा माल ठीकच असतो, चुकतो तो क्रम. कार्बन न धुताच घातलेला असतो, नाहीतर पाणी ज्यातून जातच नाही अशा कोपऱ्यात पडलेला असतो. औषध टाकताना तो काढायचा राहून जातो, आणि पोळ्याला घातलेली पिशवी संक्रांतीला तीच असते. म्हणून हा लेख कामाच्या क्रमानेच लिहिला आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्यावर जाऊ नका.

## टप्पा १ : आधी पाण्याचा रंग पाहा, मग कार्बनचा विचार करा

काचेच्या साध्या पेल्यात टाकीतले पाणी घ्या. मागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात पाहा.

पाणी स्वच्छ पण पिवळसर, फिक्या चहासारखे दिसत असेल तर हे कार्बनचेच काम. हा रंग लाकडातून, सुकलेल्या पानांतून आणि माशांच्या विष्ठेतून विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा असतो, आणि कार्बन तो चांगला ओढतो. पाण्याला येणारा उग्र वास, औषधाचा उरलेला निळा-हिरवा रंग, क्लोरीन हेही त्याच्या कामात येते.

पाणी दुधाळ पांढरे असेल आणि टाकी नवी असेल, तर तो जिवाणूंचा पसारा आहे. कार्बनने तो जात नाही. खाणे निम्म्यावर आणा, हवा सुरू ठेवा आणि थांबा. पाणी हिरवे असेल तर ते शेवाळ. खिडकीचे ऊन आणि दिव्याचे तास कमी करा. गढूळ तपकिरी असेल, पावसाळ्यात नळाला येते तसे, तर ती माती आहे. ती बादलीत निवळू द्यायची असते, फिल्टरचा पांढरा कापूस तिला अडवतो. कार्बनवर गाळ बसला की त्याची छिद्रे बुजतात आणि पैसे वाया जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारे अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट कार्बन काढत नाही. मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ असेल, तर कार्बनच्या भरवशावर राहू नका. स्वच्छ दिसणारे पाणी विषारी असू शकते. थेंबाच्या किटने अमोनिया तपासा आणि पाणी बदला.

क्षारही कार्बनने जात नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, हा गैरसमज फार महागात पडतो. बोअरचे खारे पाणी कितीही कार्बनमधून फिरवले तरी खारेच राहते. गावातल्या आरओ प्लांटवाल्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, असतो. कार्बनआधी आणि कार्बननंतर आकडा घेऊन पाहा, जवळजवळ तेवढाच येईल. अशा पाण्यात गप्पी किंवा मॉली पाळा, ते जड पाणी सोसतात. नाजूक मासेच हवे असतील तर आरओचे पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून वापरा. निव्वळ आरओचे पाणी नको, त्यात पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) धरून ठेवणारे क्षार उरत नाहीत.

> तपासणी : पिवळेपण, वास, उरलेले औषध किंवा बाहेरून शिरलेले रसायन, यांपैकी काहीच नसेल तर तुम्हाला आज कार्बनची गरज नाही. चांगली चाललेली टाकी कार्बनशिवाय वर्षानुवर्षे चालते.

## टप्पा २ : माल ओळखून घ्या

चुलीतला कोळसा चालणार नाही. घरचा कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन दिसायला सारखे असले तरी दुसरा सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेने पोखरलेला असतो. त्या सूक्ष्म छिद्रांमुळे एका ग्रॅमच्या आत ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो, आणि सगळे काम त्या पृष्ठभागावर चालते. चुलीच्या कोळशात हे नसते, वर त्यात राख असते आणि ती पीएच वाढवते.

तालुक्याला माशांचे दुकान नसेल तर आरओ दुरुस्तीवाल्याकडे दाणेदार कार्बन मिळतो. घेताना चार गोष्टी बघा.

- दाणा मोहरीपेक्षा मोठा आणि ज्वारीच्या दाण्याच्या आसपास हवा. पूड नको, फार बारीक रवाही नको.
- नारळाच्या करवंटीपासून केलेला असेल तर उत्तम. तो कडक असतो, कमी झडतो.
- पाकिटावर आयोडीन नंबर (कार्बनची शोषण्याची ताकद दाखवणारा आकडा) लिहिलेला असेल तर ९०० च्या वरचा घ्या.
- चांदीचा मुलामा दिलेला कार्बन अजिबात घेऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या काही फिल्टरमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून तो वापरतात. चांदी माशांनाही घातक आणि फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही. आरओवाल्याला हे स्पष्ट विचारा. त्याला सांगता आले नाही तर माल ठेवून या.

आरओचे जुने, काढलेले कार्ट्रिज फोडून त्यातला कार्बन वापरायची पद्धत काही ठिकाणी आहे. तो आधीच भरलेला असतो, घेऊ नका.

## टप्पा ३ : मोजमाप

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, १००० ने भागा. हे झाले लिटर. आपल्याकडे सर्रास दिसणारी २४ × १२ × १२ इंचाची टाकी काठोकाठ सुमारे ५६ लिटरची असते. खालची रेती आणि वरची रिकामी जागा सोडली तर त्यात ४५ लिटरच्या आसपास पाणी असते.

दर लिटरला साधारण १ ग्रॅम कार्बन धरा. ४५ लिटरला ४५ ते ५० ग्रॅम, म्हणजे चहाचा एक छोटा कप भरून. यापेक्षा जास्त घालून फायदा नाही. फिल्टरमध्ये गच्च कोंबलेल्या कार्बनमधून पाणीच जात नाही. टाकी महिनोन् महिने पिवळी राहिलेली असेल तर पहिल्या आठवड्यात निम्माच घाला. पिवळेपण एकदम गेले की उजेड तळापर्यंत पोहोचतो आणि शेवाळ उसळते.

## टप्पा ४ : धुणे

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात, म्हणून थोडे थांबून सांगतो.

दाण्यांवर बारीक काळी पूड असते. ती धुतली नाही तर टाकीत काळा ढग येतो, रेतीवर थर बसतो आणि पूड माशांच्या कल्ल्यांना त्रास देते. कार्बन पांढऱ्या टबात किंवा पसरट भांड्यात घ्या. पांढरे भांडे यासाठी की काळे पाणी लगेच दिसते. वरून पाणी सोडा, हाताने हलकेच ढवळा, काळे पाणी ओता. चोळू नका. चोळले की दाणे एकमेकांवर घासून नवी पूड तयार होते आणि धुणे संपतच नाही. पाणी पुरते नितळ होईपर्यंत हेच करत राहा. साबण, डिटर्जंट, फिनाईल यांचा हातसुद्धा लागू देऊ नका. कार्बन ते शोषून घेईल आणि टाकीत घेऊन जाईल.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा धुण्यासाठी टाकीतून बदललेलेच पाणी वापरा. फक्त शेवटचे एक पाणी स्वच्छ घ्या.

धुतल्यावर कार्बन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरड्या दाण्यात हवा भरलेली असते. लगेच फिल्टरमध्ये घातला तर दाणे तरंगतात, पिशवी वर येते आणि पाणी बाजूने निसटते. सकाळी दाणे तळाशी बसलेले दिसले की समजा हवा निघाली.

> तपासणी : एका पेल्यात टाकीचे पाणी आणि चमचाभर धुतलेला कार्बन, दुसऱ्या पेल्यात नुसते टाकीचे पाणी, दोन्ही रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींचा पीएच पट्टीने किंवा थेंबाने तपासा. फरक अर्ध्या अंकापेक्षा जास्त असेल तर कार्बन आणखी एक दिवस पाणी बदलत भिजवा. तरीही फरक राहिला तर तो माल माशांच्या कामाचा नाही.

## टप्पा ५ : पिशवी

बारीक जाळीची नायलॉनची पिशवी माशांच्या दुकानात मिळते. नसेल तर नवा कोरा नायलॉनचा पायमोजा साध्या पाण्यात धुऊन वापरा. सुती कापड पाण्यात कुजते. मच्छरदाणीची जाळी मोठी असते, दाणे गळून मोटरच्या पंख्यात अडकतात, आणि औषध लावलेली मच्छरदाणी तर माशांना मारतेच.

पिशवी दोन तृतीयांशच भरा. तोंड नायलॉनच्या दोऱ्याने बांधा, तारेने नको. बांधलेली पिशवी तळहातावर ठेवून थापली की पोळीसारखी सपाट पसरली पाहिजे. गोल गाठोडे राहिले तर मधल्या दाण्यांपर्यंत पाणी पोहोचत नाही.

## टप्पा ६ : फिल्टरमध्ये जागा

सावधान : टाकीत हात घालण्याआधी मोटर, हीटर, दिवा, सगळ्यांच्या पिना बोर्डातून काढा. नुसते बटन बंद करून भागत नाही, कारण गावातल्या अनेक घरांत अर्थिंग धड नसते आणि बटन न्यूट्रलवर जोडलेले असू शकते. वायरचा झोळ बोर्डापेक्षा खाली लोंबता ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी बोर्डात जाणार नाही.

नियम एकच आहे. पाणी आधी स्पंजातून किंवा कापसातून जावे, नंतर कार्बनमधून. गाळ स्पंजावर अडकतो आणि कार्बनला फक्त विरघळलेले पदार्थ ओढायचे राहतात. टाकीत नुसती टांगलेली किंवा रेतीवर ठेवलेली पिशवी जवळजवळ काहीच काम करत नाही.

आतला पॉवर फिल्टर असेल तर स्पंज आणि मोटर यांच्यामधल्या कप्प्यात सपाट पिशवी बसवा. कप्पा नसेल तर स्पंज कापून पोकळ करू नका, जिवाणूंचे घर जाईल.

टाकीच्या वर बसणाऱ्या टॉप फिल्टरमध्ये पाणी जिथे पडते तिथे पांढरा कापूस, मग सिरॅमिक रिंगा, आणि पाणी परत टाकीत पडते त्या टोकाला कार्बन. शेवटी ठेवला की बाकी काही न हलवता काढता येतो. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, असेल तर पाण्याच्या वाटेतली शेवटची टोपली.

फक्त हवेचा पंप असलेल्यांसाठी एक साधी जुळणी आहे. एक लिटरची पाण्याची बाटली मधून कापा. वरचा नरसाळ्यासारखा भाग रुंद तोंड खाली आणि मान वर अशा रीतीने खालच्या भागात बसवा. नरसाळ्याच्या कडेला आधी बोटभर रुंदीच्या खाचा पाडा, म्हणजे त्याच्या खाली पाणी शिरेल. मानेत प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा उभा बसवा आणि हवेची बारीक नळी त्यातून खाली सोडा. आता नरसाळ्याभोवती आधी धुतलेली जाड रेती टाका, म्हणजे बाटली तरंगणार नाही, त्यावर कार्बनची पिशवी आणि सगळ्यात वर कापूस. पंप सुरू केला की बुडबुडे नळीतून वर जाताना खालचे पाणी ओढतात आणि टाकीचे पाणी कापूस, कार्बन, रेती या क्रमाने खाली येते.

> तपासणी : टॉप फिल्टरच्या तोंडाशी एक लिटरचा मग धरा आणि सेकंद मोजा. १५ सेकंदांत मग भरला तर तासाला २४० लिटर पाणी फिरते, म्हणजे ४५ लिटरच्या टाकीला तासाला पाच फेऱ्या. पिशवी बसवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा. वेळ फार वाढली असेल तर पिशवी हलकी करा. मे महिन्यात हे विशेष जपा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सुमारे ७. त्यात प्रवाहही मंदावला तर पहाटे मासे वर येऊन दिसतील.

बसवल्याची तारीख काचेवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर लिहा. ही पट्टी टप्पा ९ मध्ये लागेल.

## टप्पा ७ : रोजचे चालवणे

नळाचे पाणी थेट ओतून "कार्बन क्लोरीन ओढून घेईल" असे मानू नका. कार्बन क्लोरीन काढतो हे खरे, पण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत ते माशांच्या कल्ल्यांतून गेलेले असते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे. माणसाला ते सुरक्षित असले तरी माशांना घातक ठरू शकते. पावसाळ्यात साथीच्या भीतीने ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा वाढवते, तेव्हा तर जास्तच. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, जमले तर हवेचा दगड सोडा, किंवा दुकानातले अँटी-क्लोर बाटलीवरच्या प्रमाणात टाका. गावच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट असते. पाणी पिवळे झाले नाही की क्लोरीन गेला.

आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणे कार्बन असतानाही चुकत नाही. पाण्याच्या टंचाईत लोक नेमके हेच थांबवतात आणि कार्बन वाढवतात. त्यापेक्षा मासे कमी ठेवा आणि खाणे कमी करा. काढलेले पाणी परसबागेला घाला, झाडांना ते चांगलेच.

लाईट गेल्यावर : भारनियमनात फिल्टर बंद पडला की पिशवीत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू संपवतात, आणि मग आतला गाळ सडू लागतो. उन्हाळ्यात हे दोन-तीन तासांतही होऊ शकते. लाईट येताच मोटर आपोआप सुरू झाली तर ते सडके पाणी थेट माशांवर येते. म्हणून लाईट बराच वेळ जाणार असेल तर पीन काढून ठेवा. लाईट आल्यावर पिशवी बाहेर काढून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पिशवी फेका, फिल्टरमधले पाणी ओता, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळा आणि मगच सुरू करा. शक्य असेल तर पंपापुरती इन्व्हर्टरची लाईन घ्या.

फायटर (बेटा) माशासाठी देशी बदामाची पाने टाकत असाल तर कार्बन ठेवू नका. पानांतून जे उतरावे म्हणून ती टाकता तेच कार्बन ओढून घेतो. पाणवनस्पतींचे खत, विशेषतः त्यातले लोह, यालाही हेच लागू.

## टप्पा ८ : औषधाच्या वेळी

क्रम बदलू नका.

1. औषध टाकण्याआधी कार्बनची पिशवी पूर्ण बाहेर काढा. स्पंज राहू द्या, हवा वाढवा.
2. पांढऱ्या ठिपक्यांचे, बुरशीचे, जे औषध असेल ते बाटलीवर लिहिलेल्या पूर्ण दिवसांसाठी द्या. ठिपके दिसेनासे झाले म्हणून मधेच थांबू नका. मिथिलीन ब्लू हे निळे औषध शक्यतो वेगळ्या टबात वापरा, ते फिल्टरच्या जिवाणूंना बाधते.
3. मुदत संपली की २५ ते ३० टक्के पाणी बदला.
4. नवा, धुतलेला कार्बन २४ ते ४८ तास ठेवा.
5. तो काढून कचऱ्यात टाका. विहिरीजवळ, नाल्यात किंवा वाफ्यात नको.

औषध चालू असताना कार्बन राहिला तर औषध काही तासांत उतरते आणि रोग तसाच राहतो. मग माणूस मात्रा दुप्पट करतो आणि मासे औषधाने मरतात. मीठ मात्र कार्बनने जात नाही. मिठाचा उपचार केला असेल तर ते फक्त पाणी बदलूनच कमी होते.

## टप्पा ९ : बदलायचा केव्हा

साधारण तीन-चार आठवड्यांनी. माशांची गर्दी असेल तर दोन. कार्बन संपला हे बाहेरून दिसत नाही, दाणे पहिल्या दिवसाइतकेच काळे असतात. जिनिंगचे गोदाम भरले की गाड्या बाहेर थांबतात, तसे छिद्रे भरली की पाण्यातले पदार्थ दाण्यांच्या बाहेरच राहतात.

घरी तपासायचे तर पिशवीतले चमचाभर दाणे काढा आणि पेलाभर पाण्यात घाला. त्यात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका आणि अधूनमधून ढवळा. शेजारी तेवढ्याच नव्या कार्बनचा दुसरा पेला ठेवा. नव्याचा निळा रंग उतरला आणि जुन्याचा तसाच राहिला तर बदलायची वेळ झाली. हे दाणे परत पिशवीत टाकू नका.

उन्हात वाळवून, उकळून किंवा तव्यावर भाजून कार्बन पुन्हा कामाचा होत नाही. त्यासाठी कारखान्याच्या भट्टीचे तापमान लागते.

ज्या दिवशी कार्बन बदलाल त्या दिवशी स्पंज धुऊ नका. जुन्या दाण्यांवरही उपयोगी जिवाणूंनी घर केलेले असते. दोन्ही एकदम गेले की अमोनिया चढतो. मधे आठवडाभर जाऊ द्या.

## फवारणीच्या दिवसांत

कपाशीवर फवारणी चालू असताना, साधारण जुलै ते ऑक्टोबर, गावात टाकीला सगळ्यात मोठा धोका हवेतून आणि हातांवरून असतो. पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके माशांना अगदी थोड्या मात्रेत मारतात. हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, त्यामुळे शेजारच्या वावरात फवारणी असली तर खिडकी बंद ठेवा आणि टाकी झाका. फवारून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीला हात लावू नये, माशांना खाणेही दुसऱ्याने द्यावे. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी आणायला वापरू नका.

मासे एकाएकी वेडेवाकडे धावू लागले, आडवे पडू लागले आणि फवारणीचा संशय असेल तर आधी निम्मे पाणी बदला, बादलीत ठेवलेल्या, क्लोरीन गेलेल्या पाण्याने. पंप दुसऱ्या खोलीतून नळी आणून चालवा. मग नेहमीच्या दुप्पट नवा कार्बन घाला, २४ तासांनी फेका आणि पुन्हा नवा भरा. इथे रात्रभर भिजवायला वेळ नसतो. काळे पाणी जाईपर्यंत धुवा आणि पिशवी पाण्याखाली दाबून हवा काढा.

यासाठी एक जास्तीचे पाकीट घरात असू द्या. ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आणि रॉकेल, फिनाईल किंवा फवारणीची औषधे असतात त्या खोलीत ठेवू नका. उघडा कार्बन हवेतली वाफही शोषतो आणि वापरायच्या आधीच भरून जातो.